पान खोचायचं की फांदी?

शेजारच्या काकूंनी कौतुकानं मनी प्लांटचं पान देठासकट खुडून दिलं. मी ते काचेच्या बाटलीत पाण्यात ठेवलं. आठ महिने ते पान तसंच होतं: हिरवंगार, खाली पांढऱ्या मुळ्यांचा पुंजका, पण नवं पान एकही नाही. मनी प्लांटचा डोळा, म्हणजे नवा कोंब फुटायची जागा, असतो पेरावर, देठ खोडाला चिकटतो त्या गाठीशी, आणि काकूंनी पेर वेलावरच ठेवलं होतं. पानाला मुळ्या फुटल्या म्हणजे रोप झालं असं नाही, हे मला त्या बाटलीनं शिकवलं.

त्यामुळे पान लावावं की फांदी, हे ठरवताना आधी डोळा कुठे आहे ते बघा. फांदीत तो तयार असतो, प्रत्येक पेरावर, पानाच्या बगलेत. खाली मुळ्या आल्या की वरचा डोळा चालू पडतो. पानाला मात्र सगळं नव्यानं घडवावं लागतं आणि ते थोड्याच झाडांना जमतं. शाळेच्या पुस्तकातली पानफुटी याला अपवाद, कारण तिच्या पानाच्या कडेला खाचाखाचांत डोळे असतातच. गुलाबाचं किंवा जास्वंदीचं नुसतं पान लावणं म्हणजे वेळ घालवणं. गुलाबाची काडी बटाट्यात खोचायचे व्हिडिओ तर बघूच नका. बटाटा कुजतो आणि काडीलाही घेऊन जातो.

जास्वंद, मोगरा, गावठी गुलाब, मनी प्लांट, कुंडीतला जाड पानांचा ओवा यांना फांदीच हवी. फुलझाडांसाठी पेन्सिलीएवढी जाड, वीतभर काडी घ्या. कोवळा शेंडा नको, जून खोडही नको. खालचा काप पेराच्या लगेच खाली तिरका आणि वरचा सरळ ठेवा. यामुळे काडीची उलटसुलट बाजू चुकत नाही, आणि उलटी खोचलेली काडी सहसा लागत नाही. वरची दोन पानं ठेवून तीही अर्धी कापा, बाकीची काढून टाका. निम्मी वाळू, निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पुरतं. शेणखत आत्ता नको. ओवा पाण्यात आठ-दहा दिवसांत मुळ्या धरतो, जास्वंदीला महिना-दीड महिना द्या.

फांदीचा मोठा फायदा म्हणजे झाड अगदी आईसारखं होतं आणि फूलही लवकर येतं. तोटा एवढाच की मूळ झाडाची फांदी जाते, म्हणून मागताना जरा संकोच वाटतो. नर्सरीतल्या गुलाबाचं वेगळं आहे. तो बहुधा दुसऱ्या काटक गुलाबाच्या खोडावर डोळा बसवून, कलम करून केलेला असतो. त्याची काडी लागली तरी ती स्वतःच्या मुळांवर उभी राहते आणि रोप पुष्कळदा किरकोळच निघतं.

आता पान. जागा कमी, हौस मोठी आणि घाई नाही, अशा माणसासाठी हा उद्योग आहे. स्नेक प्लांटच्या एका लांब पानाचे चार-पाच तुकडे होतात, आफ्रिकन व्हायोलेटचं पान दोन-तीन सेंटिमीटर देठासकट लावलं तर बुडाशी पिल्लांचा घोळका येतो. जेडचं गळलेलं पानही चालतं. ते दोन-तीन दिवस सावलीत वाळू द्या, जखम सुकली की मातीवर नुसतं ठेवा. झीझी प्लांटची पर्णिका, म्हणजे मोठ्या पानातलं एक सुटं छोटं पान, मी जूनमध्ये लावली होती. ऑक्टोबरात वैतागून उकरली तर खाली हरभऱ्याएवढा गड्डा! वर काहीच दिसत नव्हतं. परत पुरली आणि गप्प बसले.

पण स्नेक प्लांटची पिवळ्या काठाची जात असेल तर पान लावू नका. पिवळा काठ आणि हिरवा गाभा हे मुळात वेगवेगळ्या पेशींचे थर असतात. पानाच्या तुकड्यातून येणारी पिल्लं हिरवीच निघतात. काठ हवा असेल तर कुंडी पालथी करून मुळाशी आलेलं पिल्लूच वेगळं करायचं.

आणि आपल्याकडे गच्चीगच्चीत ‘पानापासून लागतं’ म्हणून वाटलं जाणारं ब्रह्मकमळ? रात्री फुलणारा तो निवडुंग आहे, हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ वेगळं. शिवाय त्याचं ‘पान’ म्हणजे चपटं झालेलं खोडच. कडेच्या खाचांत डोळे असतात म्हणून ते इतकं बिनबोभाट लागतं. तेव्हा ब्रह्मकमळ लागलं म्हणजे पानापासून रोपं करायचा हात बसला, असं समजू नका.

पहिल्यांदाच करताय, एकच कुंडी आहे आणि यंदा फूल बघायचंय? मग पावसाच्या सुरुवातीला जास्वंदीच्या चार काड्या लावा. हवा दमट असते, काडी सुकत नाही. उन्हाळ्यात लावायची वेळ आलीच तर बूड कापलेली प्लास्टिकची बाटली काडीवर टोपीसारखी घाला आणि झाकण काढून ठेवा. काडी सावलीतच असू द्या, उन्हात बाटलीत ती शिजते.

एवढं करूनही काडी फसवते. दहा-बारा दिवसांत हिरवे कोंब येतात, आपण खूश होतो, फोटोही पाठवतो. तो नुसता काडीतल्या साठ्यावरचा खेळ असतो, खाली मूळ नसतं, आणि पंधरवड्यात कोंब माना टाकतात. दोन बोटांत धरून अगदी हलकेच ओढून बघा. काडीनं हात मागे खेचल्यासारखा वाटला, तरच कुंडी बदला.