कार टेपचं हेड बदललं म्हणून २,२०० घेतले, हेड होतं तेच!

ठाणे-नवी मुंबईत कुणाच्या जुन्या गाडीत अजून कॅसेट प्लेअर असेल आणि तो रिपेअरला टाकायचा विचार असेल तर आधी हे वाचा. दुकानाचं नाव लिहीत नाही, ठाणे स्टेशनजवळच्या एका गल्लीत आहे एवढंच.

बाबांची मारुती ८००, त्यात साधा स्टिरिओ टेप, ऑटो रिव्हर्स वगैरे काही नाही, साइड संपली की कॅसेट काढून उलटी घालायची. पावसाळ्यानंतर आवाज दबका यायला लागला, भजनात टाळ ऐकूच येईनात, नुसती घों घों. दुकानदाराने ऐकलं न ऐकलं आणि म्हणाला, "काका, हेड घासलंय, बदलावं लागणार, आता कुठे मिळत नाही, लॅमिंग्टन रोडवरून मागवतो." हेड म्हणजे टेपला टेकून तिच्यावरचा आवाज वाचणारा भाग. बाबा म्हणाले मागव. २,२०० रुपये घेतले, वर जुनं हेड पिशवीत घालून हातात दिलं, बघा काका आपलं काम कसं क्लिअर असतं. आवाज खरंच खणखणीत झाला होता, त्यामुळे बाबा खूश.

मला ते पिशवीतलं हेड बघूनच खटकलं. मागे दोनच पिना! स्टिरिओ हेडला लेफ्ट-राइट मिळून चार पिना असतात, दोन पिनांचं म्हणजे मोनो, कुठल्यातरी जुन्या टेपरेकॉर्डरमधलं. मग टेप काढून झाकण उघडलं तर हेडशेजारच्या अझिमथ स्क्रूवर कंपनीने लावलेला लाल लॅकरचा ठिपका जसाच्या तसा, कुठे तडा नाही. नवीन हेड बसवलं की हा स्क्रू फिरवून हेडचा कोन जुळवावाच लागतो, नाहीतर ट्रेबल (टाळासारखे बारीक, उंच आवाज) मरतो. मागचं सोल्डरिंगपण जुनंच, वर धूळ. म्हणजे साहेबांनी हेड फक्त पुसलं होतं.

आणि पुसल्यावर आवाज सुधारतोच हो, त्यातच लोक फसतात. टेपवरचा ऑक्साइड हेडवर तपकिरी थर करून बसतो, कॅसेटची टेप सेकंदाला जेमतेम ४.७६ सेंमी सरकते त्यामुळे मध्ये इतकुसा थर आला तरी सगळ्यात आधी ट्रेबल जातो. गाडी बंद करा, इअरबडवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या आणि बड काळा यायचा थांबेपर्यंत हेड आणि कॅपस्टन (तो बारीक स्टीलचा दांडा) हलक्या हाताने पुसा, नीट वाळल्यावरच कॅसेट घाला. सॅनिटायझर नको, बऱ्याच सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असतं. रबरी पिंच रोलरला (कॅपस्टनवर टेप दाबणारं चाक) थिनर-पेट्रोल तर अजिबात लावू नका, आणि चुंबक लागलेला स्क्रूड्रायव्हर हेडपासून लांब. कॅसेट गुंडाळली जात असेल तर मात्र रोलर किंवा बेल्टचा प्रॉब्लेम असू शकतो, तिथे हेडचा काय संबंध.

जाब विचारायला गेलो तर म्हणे आवाज आला ना, मग झालं की. पिना दाखवल्या तर "पोराने चुकून दुसरं हेड दिलं असेल". लाल ठिपक्यावर मात्र गप्प. बरीच हुज्जत घातल्यावर १,५०० परत दिले, ७०० सर्व्हिसिंगचे म्हणून कापले, त्याचं बिल मागितलं तर एका पाठकोऱ्या कागदावर "टेप काम" एवढंच लिहून दिलं, सही नाही की शिक्का नाही.