लायगो की खोडदच्या तबकड्या?

कृष्णविवरांच्या जोड्यांमुळे उठणाऱ्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशकाळातले तरंग, 'ऐकण्याचे' दोन मार्ग आहेत, आणि दोन्हींशी पुण्याचं नातं आहे.

लायगो या अमेरिकेतल्या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेने १४ सप्टेंबर २०१५ रोजी पकडलेल्या घटनेत सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानाची विवरं गरगरत एक झाली. उरलं ६२ पटींचं एकच. तीन सूर्यांइतकं वस्तुमान लहरी होऊन गेलं, तेही डोळ्याचं पातं लवेपर्यंत! त्या लहरींनी लायगोची चार किलोमीटरची भुजा प्रोटॉनच्या रुंदीच्या सुमारे हजाराव्या भागाइतकी ताणली-आखडली. नवं विवर घंटेसारखं थरथरून शांत होतं, तो क्षण हवा तर लायगोच. या शोधात आपल्या पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचाही वाटा आहे.

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्या पल्सारचे, म्हणजे नियमित स्पंद पाठवणाऱ्या फिरत्या मृत ताऱ्यांचे, ठोके मोजतात. ठोका किंचित लवकर-उशिरा आला, की मधला अवकाशकाळ हलला असण्याची शक्यता. इथे एका हेलकाव्याला वर्षं लागतात. २०२३ मध्ये अशा संथ लहरींचा पुरावा मिळाला. उगम बहुधा महाकाय विवरांच्या जोड्या, अजून एकमेकांभोवती फिरणाऱ्या.

मला खोडदचंच काम जास्त भावतं. वर्षानुवर्षं तेच ठोके मोजत राहायला फार चिकाटी लागते.