हेल्मेटच्या आत ‘चाळीस वॉट’चा आवाज : भाच्याची झालेली फसवणूक

हेल्मेटच्या किंवा मुखवट्याच्या आतच माईक, अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर बसवून देतो, आवाज शंभर फुटांवर ऐकू जाईल, असं सांगून आगाऊ पैसे घेणारा एक माणूस सध्या नागपुरात काम करतो आहे. माझ्या भाच्याचे त्याने 9,000 रुपये घेतले आणि बदल्यात डोक्याला धोका होईल अशी वस्तू दिली. तान्हा पोळा, दसऱ्याचे मुखवटे, शाळांची स्नेहसंमेलनं यांसाठी अशी वेशभूषा करणारी मंडळी आपल्याकडे खूप आहेत. त्यांच्यापैकी कोणी या माणसाला पैसे पाठवण्याच्या बेतात असेल, तर आधी हे वाचावं.

भाचा मुलांच्या वाढदिवसांना रोबोट बनून जातो. पोशाख त्याने स्वतः केला आहे. फोमचं चिलखत, छातीवर एलईडी आणि फायबरचं बंद हेल्मेट, समोर काळी काच. पोशाख देखणा आहे, पण आतून बोललेलं दोन हातांवरच्या मुलालाही कळत नाही. मुलं तर रोबोटशी बोलायलाच धावत येतात. नाव विचारतात, कुठून आला म्हणतात, एखादं जेवलास का म्हणूनही विचारतं. मुका रोबोट पाच मिनिटांत जुना होतो. म्हणून त्याला आवाजाची सोय हवी होती, आणि ती बाहेरून दिसायला नको होती.

मी नाटकांचा साउंड सांभाळतो. त्या दिवसांत मी स्पर्धेच्या नाटकासोबत चंद्रपूरला होतो आणि याचा कार्यक्रम तोंडावर आला होता. त्याने मोबाइलवर शोधलं आणि त्या माणसाचा व्हिडिओ सापडला. एका योद्ध्याचं हेल्मेट घातलेला मुलगा हात हलवत बोलतो आहे, आवाज भारी, घुमणारा, स्वच्छ. खाली लिहिलेलं, ‘40 वॉट, नॉइज कॅन्सलिंग माईक, 8 तास बॅटरी’. नॉइज कॅन्सलिंग म्हणजे आजूबाजूचा गोंगाट गाळणारा.

तो व्हिडिओ मी नंतर हेडफोन लावून ऐकला. मुलगा बोलताना पाठ फिरवतो, तरी आवाज तसाच्या तसा राहतो. समोर धरलेल्या मोबाइलवर असं होऊच शकत नाही. स्पीकर दुसरीकडे वळला की आवाजातली धार सगळ्यात आधी जाते. दुसरं म्हणजे, बोलणं सुरू झालं की मागची रहदारी पूर्ण गायब होते आणि वाक्य संपलं की परत येते. आवाज नंतर वेगळा भरून चिकटवलेला आहे. कानाला सवय नसलेल्या माणसाला हे कळायचं काही कारण नाही, आणि हा धंदा नेमका त्यावरच चालतो.

भाचा प्रत्यक्ष बघायलाही गेला होता. बर्डीच्या (सीताबर्डीच्या) मागच्या बाजूला वरच्या मजल्यावर एक खोली, दाराला पाटी नाही. त्या माणसाने स्वतः हेल्मेट घातलं आणि बोलला. आवाज जोरदार आला, पण तो कोपऱ्यात ठेवलेल्या चाकाच्या मोठ्या ट्रॉली स्पीकरमधून. हेल्मेटमध्ये फक्त वायरलेस हेडसेट माईक होता. ‘‘हाच आवाज छोट्या सेटमध्ये आत बसवून देतो भाऊ, काहून टेन्शन घेता?’’ ठरले 7,500. त्यातले 4,000 आधी, यूपीआयने, आणि खात्यावर नाव तिसऱ्याच कोणाचं. बिल मागितलं तर म्हणाला, ‘‘बिल पाहिजे तर 18 टक्के वर लागतील.’’ वीस-बावीस वर्षांच्या पोराला हे ऐकून वाटतं की आपले हजारएक रुपये वाचले. बिल न दिल्याने नेमका कोण वाचतो, ते पुढे कळलं.

हेल्मेट त्याने कार्यक्रमाच्या आदल्या रात्री हातात दिलं. तोवर रोज ‘उद्या’. आत सगळीकडे ग्लू गनचा गोंद ओतलेला, त्यावर काळा रंग आणि एक स्टिकर : ‘सील तोडल्यास वॉरंटी नाही’. तिथे घालून बघतो म्हटलं तर बॅटरी पूर्ण चार्ज नाही, घरी नेऊन रात्रभर लावा, असं उत्तर. उरलेले 3,500 घेतल्याशिवाय हेल्मेट सोडायला तयार नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मानेवाड्याकडच्या एका लॉनवर कार्यक्रम, घेतलेला शब्द. त्याने पैसे दिले.

लॉनवर आवाज वाढवला की हेल्मेट कर्कश शिट्टी मारायला लागायचं. मुलांनी कानांवर हात ठेवले, एक लहान मुलगी रडायला लागली. शिट्टी थांबेपर्यंत आवाज कमी केला, तर स्पीकर असून नसल्यासारखा. शेवटी त्याने हेल्मेट काढून हातात घेतलं आणि कार्यक्रम तसाच रेटला. ज्यांच्याकडे कार्यक्रम होता त्यांनी ठरलेल्या पैशांतून कापून घेतले, आणि त्यांना बोल लावता येत नाही. त्याच रात्री मला फोन आला. ‘‘मामा, आवाज निघूनच नाही राहिला. नुसती शिट्टी वाजून राहिली.’’

त्या माणसाचं पहिलं उत्तर, तुम्ही फार जोरात बोलता. दुसरं उत्तर, हेल्मेटची फायबर जाड आहे. तिसरं, आणखी 1,500 द्या, वायरलेस करून देतो. भाच्याच्या पुढच्या तारखा लागलेल्या होत्या, त्यामुळे तेही दिले. यावेळी त्याने स्पीकर छातीच्या फोममध्ये हलवला आणि माईक ब्लूटूथने जोडला. शिट्टी कमी झाली, पण आता भाचा बोलताना अडखळायला लागला. ब्लूटूथमधून आवाज जायला साधारण सेकंदाचा दहावा ते पाचवा भाग लागतो. आपलाच आवाज एवढ्या उशिराने कानावर पडला की चांगल्या बोलणाऱ्याची जीभ अडखळते, शब्द लांबतात, वाक्य मध्येच तुटतं. गाणी ऐकायला ब्लूटूथ ठीक आहे. जिवंत बोलण्यासाठी ते देणाऱ्याला एकतर काम येत नाही किंवा समोरच्याच्या पैशांची फिकीर नाही. आवाज लगेच पोचवायचा असेल तर साधी वायर किंवा रेडिओवर चालणारा यूएचएफ माईक वापरतात.

मी नागपूरला आल्यावर आम्ही ते हेल्मेट उघडलं. आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढले, उघडताना व्हिडिओ घेतला. पुढे हेच पुरावे कामी आले.

आतला बोर्ड पीएएम 8403 या चिपचा होता. हा छोटा बोर्ड वाईट नाही, मीही वापरला आहे, पन्नास-शंभर रुपयांत मिळतो. पण त्याची ताकद 5 व्होल्टवर, 4 ओहमच्या स्पीकरला, डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूला जेमतेम 3 वॉट. इथे एकच बाजू जोडलेली, आणि तीही थेट 3.7 व्होल्टच्या एका सेलवर. म्हणजे प्रत्यक्षात दीड वॉटच्या आसपास. एवढ्या व्होल्टवर खरोखर 40 वॉट काढायचे झाले तर सेलमधून बाराएक अँपिअर करंट ओढावा लागेल. आतल्या केसासारख्या बारीक वायरी त्याआधीच जळल्या असत्या. आणि मुळात 40 वॉटची गरजच नव्हती. वॉट दहापट केले तरी कानाला आवाज साधारण दुप्पटच वाटतो. वाढदिवसाच्या लॉनसाठी चांगल्या स्पीकरचे पाच वॉट पुरतात. मोठा आकडा सांगितला की गिऱ्हाईक पुढचं विचारत नाही, म्हणून तो आकडा.

‘नॉइज कॅन्सलिंग’ माईक म्हणजे काही रुपयांना मिळणारी साधी इलेक्ट्रेट गोळी निघाली, चारही बाजूंनी आवाज घेणारी. ती हनुवटीपाशी फायबरला चिकटवलेली, आणि मूळ जोडणीत स्पीकर तिच्यापासून चार बोटांवर, त्याच बंद हेल्मेटमध्ये. स्पीकरमधून निघालेला आवाज माईक पुन्हा उचलतो, तो वाढून पुन्हा स्पीकरमधून येतो, आणि एक सूर चढत जाऊन शिट्टी होते. बंद फायबरमध्ये तर आवाजाला बाहेर जायला वाटच नाही, तो आतल्या आत आपटत राहतो. हे साउंडच्या कामातलं पहिल्या दिवशी शिकवलं जाणारं गणित आहे. हेल्मेटमध्ये अ‍ॅम्प्लिफायर बसवण्याचा धंदा करणाऱ्याला ते माहीत नसेल, हे मला पटत नाही.

मला खरा राग आला तो सेल बघून. 18650 आकाराचा जाड, गोल सेल, वर छापलेलं 9,900 एमएएच, म्हणजे सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचा आकडा. या आकाराच्या नामांकित कंपन्यांच्या सेलची क्षमता साधारण 2,500 ते 3,500 एमएएच असते आणि वजन 45 ग्रॅमच्या आसपास. हा सेल स्वयंपाकघरातल्या काट्यावर 29 ग्रॅम भरला. त्याला संरक्षणाचा सर्किट बोर्ड नव्हता. म्हणजे चार्जिंग जास्त झालं, सेल पूर्ण उतरला किंवा वायरी एकमेकींना टेकल्या, तर मध्ये पडून थांबवणारं काहीच नाही. आणि हा सेल गरम गोंदाने मानेच्या मागे, कवटीला लागून बसवलेला, जिथून हेल्मेट झटकन काढताही येत नाही. लिथियमचा सेल बिघडला की धूर आणि ज्वाळा दोन्ही येतात. नागपूरच्या उन्हाळ्यात, पारा 45 च्या वर असताना, हे पोरगं तो सेल डोक्याला बांधून अख्खी संध्याकाळ नाचलं असतं. पैशांची फसवणूक एक वेळ पोटात घालता येईल. हे नाही.

पैसे परत मागितले तर तो भाच्याला म्हणाला, ‘‘तू धंद्यासाठी घेतलं, तुला ग्राहक कायदा लागू होत नाही. जा कुठं जायचं तिथं.’’ हे धडधडीत खोटं आहे, आणि असं ऐकून गप्प बसणारी कितीतरी पोरं असतील. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की स्वतः काम करून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त मोडत नाही. त्याच कायद्याप्रमाणे बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रार आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते. प्रत्यक्ष न भेटता फक्त ऑनलाइन पैसे घेऊन कोणी गायब झाला असेल तर उशीर न करता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा.

आम्ही फोटो, यूपीआयच्या पावत्या, व्हॉट्सअ‍ॅपवरचं सगळं बोलणं जोडून पोचपावतीच्या टपालाने नोटीस पाठवली. चॅटमध्ये त्याने ‘40 वॉट’ आणि ‘8 तास’ लिहून दिलं होतं, ते महत्त्वाचं ठरलं. नोटीस पोचल्यावर त्याने 3,000 रुपये परत पाठवले आणि ‘मॅटर क्लोज’ असं लिहायला सांगितलं. आम्ही लिहिलं नाही. उरलेल्या 6,000 साठी तक्रार दाखल केली आहे.

आता, ज्यांना खरंच ही सोय हवी आहे त्यांच्यासाठी. वर्गात शिकवणारे शिक्षक आणि पर्यटकांचे गाईड कमरेला लावतात तो हेडसेट माईकचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर साधारण हजार ते दोन हजारांत बिलासह मिळतो. भाच्याला आम्ही तोच घेऊन दिला. माईक ओठांच्या कोपऱ्यापासून बोटभर अंतरावर, समोर न ठेवता बाजूला, म्हणजे श्वासाचा फटका बसत नाही, त्यावर फोमची टोपी. माईक जवळ असला की आवाज कमी वाढवावा लागतो आणि शिट्टीचं मूळच तुटतं. माईकच्या पाठची बारीक छिद्रं गोंदाने किंवा फोमने बुजवायची नाहीत, दिशा धरणारा, म्हणजे मुख्यतः समोरचाच आवाज घेणारा माईक त्याच छिद्रांमुळे दिशा धरतो. अ‍ॅम्प्लिफायर हेल्मेटच्या बाहेर, छातीच्या चिलखताखाली, स्पीकरचं तोंड समोर, आणि त्याच्यासमोरच्या फोमला जाळी. हेल्मेटच्या आतून पातळ फोमचं अस्तर दिलं, त्याने घुमणं बरंच कमी झालं. हवेसाठी पंखा लावत असाल तर तो माईकपासून दूर आणि मऊ रबरावर बसवा, नाहीतर बोलण्यापेक्षा घरघरच जास्त ऐकू येईल. बॅटरी डोक्याला नको, कधीच नको. बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणीचा क्रमांक असलेली पॉवर बँक कमरेला लावा आणि वायर वर न्या.

आणि कोणाकडून तयार करूनच घ्यायचं असेल तर उरलेले पैसे देण्याआधी त्याच खोलीत हेल्मेट स्वतः डोक्यात घाला, आवाज पूर्ण वाढवा, भिंतीकडे तोंड करून उभे राहा आणि सलग पाच मिनिटं बोला. शिट्टी यायची असेल तर भिंतीसमोर हमखास येते. आत गोंद ओतून बंद केलेली वस्तू घेऊ नका. चांगलं काम करणारा माणूस स्क्रू लावतो आणि उघडून दाखवतो.

तो व्हिडिओ आता दुसऱ्या नावाच्या पानावर चालू आहे. मुलगा तोच, हेल्मेट तेच, फक्त वॉट वाढून 60 झाले आहेत. त्याच्याशी तुमचा व्यवहार झाला असेल तर चॅट पुसू नका, यूपीआयच्या पावत्या जपून ठेवा आणि हेल्मेट दुरुस्तीला म्हणून त्याच्या हातात परत देऊ नका. भाच्याने ब्लूटूथच्या वेळी ते परत दिलं होतं, आणि माईकची पहिली वायर त्यानंतर आम्हाला दिसली नाही.