औषध कोणत्या वाटेने घ्यायचे, हे सांगणारे दुकान

पुण्यात कर्वेनगरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी औषधांचे एक लहान दुकान आहे. गेली तीन वर्षे आईवडिलांची सगळी औषधे मी तिथूनच आणतो. आईला मधुमेह आणि दमा दोन्ही आहेत, शिवाय काचबिंदूचे थेंब रोज रात्री घालावे लागतात. म्हणजे एकाच माणसाच्या शरीरात तोंडावाटे, त्वचेखालून, श्वासावाटे आणि डोळ्यातून अशा चार वाटांनी औषधे जातात. वाट चुकली तर चांगले औषध वाया जाते, कधी अपायही करते. इथल्या फार्मासिस्ट बाई औषध हातात देण्याआधी ते कुठून आणि कसे घ्यायचे हे समजावतात, आणि एवढ्यासाठीच या दुकानाविषयी सविस्तर लिहावेसे वाटले.

पहिला अनुभव रोटाकॅपचा, म्हणजे दम्याची भुकटी असलेल्या, यंत्रात घालून श्वासावाटे ओढायच्या कॅप्सूलचा. त्याआधी आम्ही दुसऱ्या एका दुकानातून औषधे घेत होतो, तिथे डबीवर ‘१-०-१’ लिहून दिले होते आणि आई ती कॅप्सूल आठ दिवस पाण्याबरोबर गिळत होती. दम काही कमी होईना. नवी डबी घ्यायला आम्ही या दुकानात गेलो तेव्हा बाईंनी विचारले, “आजी, ही कशी घेता, मला करून दाखवा बरं.” आई म्हणाली, “पाण्याबरोबर गिळते की.” बाई रागावल्या नाहीत. त्यांनी दाखवण्यासाठी ठेवलेले यंत्र काढले, कॅप्सूल त्यात बसवली, खालचा भाग फिरवून तिचे दोन तुकडे केले आणि सांगितले की आधी श्वास यंत्राबाहेर सोडायचा, कारण आत फुंकले तर भुकटीला ओल लागते. मग तोंडाने जोरात ओढायचे आणि दहा आकडे मोजेपर्यंत श्वास धरून ठेवायचा. औषधात स्टिरॉइड असल्यामुळे नंतर चूळ भरून टाकायची, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात. आईकडून त्यांनी हे दोनदा करून घेतले. मागे तीन गिऱ्हाइके उभी होती, तरीही.

इन्सुलिनच्या बाबतीत तर त्यांचा काटेकोरपणा फारच मोलाचा ठरला. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचे असते आणि पेनमधले १०० युनिटचे. सिरिंजही त्यानुसार वेगळ्या असतात : ४० ची लाल टोपीची, १०० ची नारिंगी टोपीची. मी घाईत नारिंगी टोपीच्या सिरिंज मागितल्या, तर बाईंनी आधी बाटली कोणती आहे ते विचारले. आमची ४० ची होती. त्या सिरिंजवर वीसच्या रेघेपर्यंत औषध भरले असते, तर आईच्या अंगात वीसऐवजी आठच युनिट गेले असते. याच्या उलट चूक झाली, म्हणजे १०० चे इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने भरले, तर वीसच्या जागी पन्नास युनिट जातात आणि माणसाची साखर एकदम खाली येते. पोटावर रोज त्याच जागी टोचू नका, तिथे गाठ धरते आणि औषध नीट शोषले जात नाही, हेही त्यांनीच सांगितले.

चिठ्ठीवरची लॅटिन अक्षरे वाचून दाखवणे ही त्यांची आणखी एक चांगली सवय. ‘पीओ’ म्हणजे तोंडावाटे, ‘एसएल’ म्हणजे जिभेखाली, ‘एससी’ म्हणजे त्वचेखाली, ‘आयएम’ म्हणजे स्नायूत, ‘आयव्ही’ म्हणजे शिरेतून आणि ‘पीआर’ म्हणजे गुदमार्गे. ‘ओडी’ हे अक्षर मात्र फसवे आहे, कारण गोळ्यांच्या चिठ्ठीत त्याचा अर्थ दिवसातून एकदा आणि डोळ्यांच्या चिठ्ठीत उजवा डोळा असाही होतो. आईच्या थेंबांपुढे नेमके तेच लिहिलेले होते आणि दोन्ही अर्थ बसत होते. बाईंनी अंदाज न बांधता दवाखान्यात फोन लावला. थेंब दोन्ही डोळ्यांत, दिवसातून एकदा घालायचे होते. थेंब घातल्यावर नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा मिनिट-दोन मिनिटे हलके दाबून धरावा, म्हणजे औषध घशात उतरत नाही, हे मला तोवर कोणीच सांगितले नव्हते.

वडिलांच्या खिशात छातीतल्या दुखण्यासाठी सॉर्बिट्रेट असते. ही गोळी जिभेखाली का, याचे उत्तर बाईंनी सोप्या शब्दांत दिले : गिळलेले औषध आतड्यातून आधी यकृतात जाते आणि तिथे त्याचा बराचसा भाग निकामी होतो, तर जिभेखालून ते थेट रक्तात जाऊन काही मिनिटांत काम करू लागते. रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते, म्हणून गोळी बसूनच घ्यायची. वडील आता हे नातवंडांनाही समजावून सांगतात.

उणिवाही सांगायला हव्यात. ऑनलाइन मिळते तेवढी सवलत इथे मिळत नाही. संध्याकाळी सात ते नऊ गर्दी असते आणि म्हाताऱ्या माणसाला टेकायला साधे स्टूल नाही. गुदमार्गे घ्यायच्या औषधाची माहिती भर गिऱ्हाइकांत द्यावी लागते, त्यामुळे बायका संकोचून अर्धवट ऐकून निघून जातात. आतल्या बाजूला पडदा लावून एक कोपरा केला तर हा प्रश्न सुटेल. बाई सुट्टीवर असतात तेव्हा त्यांच्या जागी येणारे फार्मासिस्ट औषध बरोबर देतात, पण बोलत नाहीत. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनुसार रुग्णाला औषधाविषयी समजावणे हे फार्मासिस्टचे कामच आहे, म्हणून ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही.

डब्यांवर मराठी चिकटपट्ट्या लावा, असे मी गेल्या महिन्यात बाईंना सुचवले आणि त्यांनी ते वहीत टिपून घेतले. तोवर आईच्या रोटाकॅपच्या डबीवर मी जाड पेनने लिहून ठेवले आहे : ‘ओढायची, गिळायची नाही.’