क्यूजीआयएस: तालुक्यांचे नकाशे रंगवायला बसणाऱ्यांसाठी

जिल्हावार किंवा तालुकावार आकडे नकाशावर रंगवायचे असतील तर क्यूजीआयएस हे नकाशे बनवण्याचं सॉफ्टवेअर घ्या, असं मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते. ते फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, २००२ सालापासून जगभरातली माणसं मिळून ते घडवत आली आहेत, ही कारणं आहेतच. पण माझ्यासाठी मोठं कारण वेगळं आहे. रंगांचे गट कुठे पाडायचे हा निर्णय हे सॉफ्टवेअर तुमच्या नकळत उरकून टाकत नाही. मी मराठवाड्यात पावसाच्या आणि पिण्याच्या पाण्याच्या आकडेवारीचं काम करते. आमचे नकाशे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागतात, तहसील कचेरीत टेबलावर पसरले जातात. गडद रंगातल्या गावाची चर्चा आधी होते आणि फिकट रंगातलं गाव मागे पडतं. म्हणून रंगांच्या सेटिंगकडे मी सजावट म्हणून बघत नाही.

उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं घेते. २०११ च्या जनगणनेतली महाराष्ट्राच्या ३५ जिल्ह्यांची लोकसंख्येची घनता. लेयरवर, म्हणजे जिल्ह्यांच्या सीमांच्या थरावर, डबल क्लिक करा, सिम्बॉलॉजीत (रंग-खुणांच्या सेटिंगमध्ये) जा, वरच्या यादीतून ग्रॅज्युएटेड (आकड्यांच्या गटांनुसार रंग) निवडा. आता व्हॅल्यूमध्ये घनतेचा रकाना, कलर रॅम्पमध्ये एखादी फिकट ते गडद छटा, क्लासेस ५, आणि मोडमध्ये इक्वल इंटरव्हल. क्लासिफाय दाबलं की राज्यभर एकच फिकट रंग पसरतो. कारण साधं आहे. सर्वात कमी घनता गडचिरोलीची, दर चौरस किलोमीटरला ७४. सर्वात जास्त मुंबई उपनगरची, २०,९८०. या अंतराचे पाच सारखे तुकडे केले की पहिलाच तुकडा ४,२५० च्या पुढे जातो. मुंबईचे दोन जिल्हे सोडले तर उरलेले ३३ त्याच तुकड्यात बसतात. मधले तीन गट रिकामे. गडचिरोली आणि पुणे एकाच रंगात.

आता मोड बदलून इक्वल काउंट करा. प्रत्येक गटात सात जिल्हे येतात आणि नकाशा एकदम रंगीबेरंगी, छापण्याजोगा दिसायला लागतो. पण सर्वात गडद गटात काय आलं ते बघा: मुंबई उपनगर, मुंबई शहर, ठाणे, पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि नाशिक. नाशिकची घनता ३९३. म्हणजे ३९३ आणि २०,९८० ला एकच रंग. आकड्यांत जिथे मोठी उडी दिसते तिथे सीमा घालणारं नॅचरल ब्रेक्स लावलं तर मुंबईचे दोन जिल्हे आणि ठाणे प्रत्येकी एकेक रंग अडवून बसतात, आणि बाकीच्या ३२ जिल्ह्यांना दोनच रंग उरतात. आकडे तेच, जिल्हे तेच, आणि तीन नकाशे तीन वेगळ्या गोष्टी सांगतात.

अनेक डॅशबोर्डांत यातली एक पद्धत आतल्या आत ठरलेली असते आणि बघणाऱ्याला ती कळतसुद्धा नाही. इथे ती यादीत समोर असते. त्याहून उपयोगी म्हणजे शेजारचा हिस्टोग्राम टॅब. त्यात लोड व्हॅल्यूज दाबा. आकड्यांचे खांब उभे राहतात आणि गटांच्या सीमा उभ्या रेषा होऊन त्यावर दिसतात. रेष माउसने धरून सरकवता येते. घनतेच्या या आकड्यांत डावीकडे सगळी गर्दी आणि उजवीकडे लांब कुठेतरी मुंबई, हे चित्र एकदा डोळ्यांनी पाहिलं की कुठली सीमा कुठे हवी ते आपोआप सुचतं. मी १००, २००, ३००, ५०० अशा हाताने घातलेल्या सीमा ठेवते, शेवटचा गट ५०० च्या वर, आणि मुंबई-ठाण्याचे आकडे नकाशावरच लिहिते. वाचणाऱ्याला सोपे आकडे लागतात. २६१.४ ते ३४८.७ असला गट ग्रामसभेत कुणी वाचत नाही.

सीमा हाताने बदलताना लिंक क्लास बाउंडरीज ही खूण चालू ठेवा. एका गटाची वरची सीमा बदलली की पुढच्याची खालची सीमा आपोआप जुळते, नाहीतर मध्ये फट राहते आणि त्या फटीत सापडलेला तालुका नकाशावरून गायब होतो.

पावसाच्या नकाशाला मात्र गट शोधत बसायची गरज नाही, ते ठरलेले आहेत. हवामान विभाग सरासरीच्या उणे १९ ते अधिक १९ टक्के पावसाला सामान्य म्हणतो, उणे २० ते उणे ५९ म्हणजे तूट, उणे ६० पासून खाली मोठी तूट. वरच्या बाजूलाही तसंच. ग्रॅज्युएटेडमध्ये सिमेट्रिक क्लासिफिकेशन नावाची सोय आहे, तिने शून्याच्या दोन्ही बाजूंना सारखे गट पडतात. पण पावसासाठी मी तीही वापरत नाही, विभागाच्याच सीमा टाकते. तालुक्यातला माणूस पेपरात जो शब्द वाचतो तोच त्याला नकाशात दिसला पाहिजे.

यापुढचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लावून धरावासा वाटतो. ग्रॅज्युएटेडमध्ये ज्या तालुक्याचा आकडाच नाही तो काढलाच जात नाही. तिथे कागदाचा पांढरा रंग दिसतो. आणि सर्वात कमी आकड्याचा रंगही बहुतेक वेळा पांढऱ्याजवळचाच असतो. म्हणजे "इथे टँकर लागला नाही" आणि "इथली माहिती आलीच नाही" हे दोन्ही नकाशावर सारखेच दिसतात. पाण्याच्या कामात या दोन गोष्टींमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. उपाय सोपा आहे: त्याच लेयरची एक प्रत खाली ठेवा, तिला करड्या तिरप्या रेषांचा भराव द्या आणि लेजंडमध्ये (नकाशाच्या रंगसूचीत) तिला "माहिती उपलब्ध नाही" असं नाव द्या. क्यूजीआयएसने हे आपण होऊन करायला हवं, असं माझं ठाम मत आहे. इतक्या जाणत्या सॉफ्टवेअरमध्ये ही उणीव खटकते.

माहिती न आलेले तालुके बरेचदा जॉइनमुळे, म्हणजे आकडे नकाशाला जोडताना, तयार होतात. आकड्यांची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी) फाइल नकाशाच्या लेयरला जोडताना नावावरून जोडलं की गडबड ठरलेली. औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद आणि धाराशिव, अहमदनगर आणि अहिल्यानगर ही जुनी-नवी नावं वेगवेगळ्या फाइलींत अजून शेजारी-शेजारी नांदतात. बीड कुठे एका स्पेलिंगने, कुठे दुसऱ्या. पालघर तर २०११ च्या फाइलीत नाहीच, तो १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. जोडणी जनगणनेच्या कोडवरूनच करा. जिल्ह्यांचे कोड नंदुरबार ४९७ पासून सांगली ५३१ पर्यंत सरळ आहेत. तालुक्यांचे कोड पाच अंकी आणि सुरुवातीला शून्य असलेले. सीएसव्ही उघडताना डिटेक्ट फील्ड टाइप्स ही खूण चालू असेल तर कोड संख्या म्हणून वाचला जातो, पुढचं शून्य उडतं आणि जोडणी रिकामी येते. तो रकाना मजकूर म्हणूनच वाचायला सांगा.

घनता, दरडोई पाणी, हेक्टरी उत्पादन असं काही काढायचं असेल तर वेगळा रकाना करायची गरज नाही. व्हॅल्यूच्या शेजारच्या एप्सिलॉनच्या बटणात भागाकार थेट लिहिता येतो, आणि तो लिहावाच. नुसती लोकसंख्या किंवा नुसती टँकरसंख्या रंगवली की १४,४१२ चौरस किलोमीटरचा गडचिरोली आणि १५७ चौरस किलोमीटरचं मुंबई शहर यांची तुलना डोळा क्षेत्रफळावरून करतो. क्षेत्रफळ मागताना डॉलरचं चिन्ह लावलेलं एरिया वापरा, ते पृथ्वीचा गोलावा धरून हिशेब करतं. भूमिती देऊन चालवलेलं साधं एरिया लेयरच्या स्वतःच्या मापात मोजतं, आणि लेयर ईपीएसजी ४३२६ (अक्षांश-रेखांशांची मापनपद्धत) मध्ये असेल तर ते माप अंशांचं असतं. उत्तर दशांशात येतं आणि त्याला काही अर्थ नसतो.

मराठीसाठी सांगण्यासारखं बरंच आहे. नकाशावरची नावं देवनागरीत नीट येतात, जोडाक्षरं फुटत नाहीत. मी नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता वापरते आणि गडद रंगावर नाव वाचता यावं म्हणून लेबलला पांढरा बफर (अक्षरांभोवतीची किनार) देते. लेजंड फॉरमॅट नावाच्या चौकटीत दोन आकड्यांच्या मध्ये डॅश असतो, तिथे "ते" लिहा, सगळे गट "१०० ते २००" अशा धर्तीवर येतात. अंक मात्र इंग्रजीच राहतात, देवनागरी हवे असतील तर एकेका गटावर डबल क्लिक करून लिहावे लागतात. ते काम अगदी शेवटी करा, कारण पुन्हा क्लासिफाय दाबलं की हाताने लिहिलेलं सगळं पुसलं जातं. पीडीएफ काढताना मजकूर नेहमी पाथ म्हणून (अक्षरांचे आकार रेषांत) काढायचा पर्याय ठेवा, म्हणजे छापखान्यात तो फाँट नसला तरी मात्रा जागेवर राहतात. आणि शेपफाइल या जुन्या नकाशा-फाइलीचा नाद सोडा. तिच्यात रकान्याच्या नावाला दहा बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचं एकेक अक्षर तीन बाइट खातं, म्हणजे "पाऊसमान" हा साधा शब्दही पुरा बसत नाही. जिओपॅकेज या दुसऱ्या फाइल-प्रकारात ठेवा.

रंगांच्या छटा आत भरपूर दिलेल्या आहेत. त्याहून मला आवडते ती व्ह्यू मेनूतली प्रिव्ह्यू मोडची सोय. नकाशा काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये कसा दिसेल, रंगांधळ्या माणसाला कसा दिसेल, हे तिथल्या तिथे कळतं. सरकारी कचेरीत रंगीत प्रत एकच पोचते, पुढे सगळ्या झेरॉक्स निघतात. लाल आणि हिरवा शेजारी ठेवलेला नकाशा तिथे सपाट करडा होतो.

तक्रारी आहेत. सेटिंग चार ठिकाणी विखुरलेली आहेत: प्रोजेक्टची वेगळी, लेयरची वेगळी, लेबलची वेगळी, प्रिंट लेआउटची आणखी वेगळी. नवा माणूस आठवडाभर गोंधळतो. एफ७ दाबून लेयर स्टायलिंगचा पॅनेल उघडा ठेवला तर बदल ताबडतोब नकाशावर दिसतात आणि शिकणं बरंच सोपं होतं. आकडे बदलले तरी गटांच्या सीमा आपोआप बदलत नाहीत. हा दोष आहे असं काही जण म्हणतात. मला तो गुण वाटतो, पण माहीत असायला हवा. उतरवून घेताना फाइल जड आहे आणि जुन्या संगणकावर सुरू व्हायला वेळ लागतो. दीर्घकाळ सांभाळली जाणारी एलटीआर आवृत्तीच घ्या, ताज्या आवृत्तीची घाई नको.

एकापेक्षा जास्त जण नकाशे करत असतील तर एक गोष्ट पहिल्याच दिवशी ठरवा. गट एकाने पाडायचे आणि ती स्टाइल क्यूएमएल फाइल म्हणून सगळ्यांना द्यायची. प्रत्येकाने आपापल्या तालुक्यावर वेगळं क्लासिफाय दाबलं तर आष्टीच्या नकाशातला गडद निळा आणि गेवराईच्या नकाशातला गडद निळा यांचा अर्थ वेगळा होतो, आणि दोन्ही नकाशे शेजारी लागले की लोक त्यांची तुलना करतातच. लेयर प्रॉपर्टीजमध्ये खाली स्टाइलचं बटण आहे, तिथून सेव्ह आणि लोड दोन्ही होतं. गावांच्या फाइलीत रकान्यांची नावं मात्र सगळ्यांकडे एकसारखी हवीत, नाहीतर स्टाइल चढते आणि नकाशा कोरा राहतो.