ई-नाम: भाव पडद्यावर आला, उचल गल्ल्यावरच राहिली

बाजारव्यवस्था कशी बदलत जाते हे कळायला ई-नामइतकं चांगलं उदाहरण नाही. ई-नाम म्हणजे इलेक्ट्रॉनिक राष्ट्रीय कृषी बाजार; केंद्र सरकारची ही शेतमालाची ऑनलाइन लिलाव सेवा 14 एप्रिल 2016 ला 21 बाजार समित्यांत सुरू झाली. आमचं मत आधीच सांगतो: एका बाजार समितीतला लिलाव ती खरोखर सुधारते, पण 'राष्ट्रीय बाजार' या नावाला अजून पुरी पडत नाही.

एके काळी भाव रुमालाखाली ठरायचा. व्यापारी आणि आडत्या (शेतकऱ्याचा माल विकून देणारा दलाल) कापडाआड एकमेकांची बोटं दाबत; कुठलं बोट किती वेळा दाबलं त्यावर आकडा. शेजारी उभ्या असलेल्या माल-मालकाला काही कळत नसे. 1886 मध्ये वऱ्हाडातल्या कारंज्यात कापसाचा देशातला पहिला नियंत्रित बाजार झाला. मग मुंबई इलाख्यात 1927 चा कापूस बाजार कायदा, 1939 चा शेतमाल बाजार कायदा आणि महाराष्ट्राचा 1963 चा कायदा आला. काटा तपासला जाऊ लागला, लिलाव उघड झाला. ई-नाम याच वाटेवरचा पुढचा टप्पा.

सोयाबीन विकायचं असेल तर आधार, बँक पासबुक आणि मोबाइल नंबर घेऊन नोंदणी करा. गेटवर नाव, शेतमाल आणि पोत्यांची संख्या नोंदली की लॉट नंबर मिळतो. मग नमुना काढून ओलावा, माती-कचरा, डागी दाणे तपासतात. तो अहवाल पाहून व्यापारी बोली लावतात. सगळ्यात वरची बोली पटली नाही तर नाकारता येते. हा हक्क पुष्कळांना माहीतच नसतो. बोली मान्य केली की वजन, सौदापट्टी (विक्रीची पावती) आणि खात्यात पैसे.

गाडी अडते ती तपासणीत. आवक वाढली की नमुन्यांची रांग लागते, लिलाव लांबतो, मग अहवालाशिवायच बोली होते. अशा वेळी व्यापारी पोत्यात हात घालून दाणा चावून पाहतो. बाहेरगावच्या व्यापाऱ्याला ते शक्य नाही, म्हणून तो बोलीच लावत नाही. शेवटी स्पर्धा स्थानिक चार-पाच जणांतच राहते. त्यात दूरच्या खरेदीदाराला माल उचलायला वाहतूक हवी, वाद झाला तर निवाडा हवा. हे ॲपने होत नाही.

ओलाव्याचा हिशोब घरीच करून निघा. 16 टक्के ओलाव्याचं 20 क्विंटल सोयाबीन 12 टक्क्यांवर आणलं तर वजन 19.1 क्विंटल भरतं, म्हणजे सुमारे 90 किलो घट. वाळलेल्या मालाला पाच टक्क्यांहून जास्त भाव मिळणार असेल तरच उन्हात घालण्याचे कष्ट वसूल होतात. माती-कचरा मात्र चाळूनच न्या.

खरा अडसर पैशाचा आहे. पेरणीला बियाणं-खतासाठी आडत्याकडून उचल, म्हणजे आगाऊ रोख, घेतली असेल तर माल त्याच्याच गाळ्यावर जातो; पडद्यावर कितीही बोली दिसोत. ही गाठ फार जुनी. 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले, त्यानंतर 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. लिलावाची पद्धत त्यानंतर अनेकदा बदलली. हंगामाआधी रोख कोण देणार, या प्रश्नाला तेवढं चोख उत्तर मिळालं नाही. ई-नामच्या आखणीत तर तो प्रश्नच नाही, आणि आमच्या मते हीच तिची सर्वांत मोठी उणीव.

म्हणून ई-नामसोबत राज्याच्या पणन मंडळाची शेतमाल तारण योजना वापरा. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवला की किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज सहा टक्के व्याजाने मिळतं, मुदत 180 दिवस. एक लाखाच्या मालावर 75,000 घेतले तर सहा महिन्यांचं व्याज सुमारे 2,250 रुपये. काढणीनंतरचा पडता भाव त्याहून जास्त सावरत असेल तर थांबणं परवडतं. त्या कर्जातून आडत्याची उचल आधी फेडा. समितीत तपासणी यंत्र चालू आहे का, रक्कम थेट खात्यात येते का, एवढं विचारा. दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर माल बिनधास्त ई-नामवर लावा.