बाईकच्या बेल्टचा ताण: गेज घ्यायचं, मोबाईल ॲप वापरायचं की बोटानेच बघायचं?

बेल्टवाल्या बाईकला (मागचं चाक चेनऐवजी बेल्टने फिरणाऱ्या) चेनसारखं तेल लावा, पुसा, परत घट्ट करा हे नसतं, आतल्या ॲरामिड किंवा कार्बनच्या दोऱ्यांमुळे बेल्ट फारसा वाढतच नाही. पण नवा बेल्ट सुरुवातीला थोडा बसतो, शिवाय टायरसाठी मागचं चाक काढलं की ताण बघावाच लागतो. आता तो बघायचा कशाने?

बोटाने बघणं फुकट, आणि ज्याचा हात बसलाय त्याला ढोबळ अंदाज येतोही. पण हार्लेसारख्या बाईकच्या मॅन्युअलमध्ये 10 पाउंड म्हणजे साधारण साडेचार किलो जोर लावल्यावर बेल्ट किती हलला पाहिजे असा आकडा असतो, आणि साडेचार किलो म्हणजे नक्की किती हे अंगठ्याला काय कळणार! वाटेत बेल्ट लटकतोय का एवढं बघायला ठीक, ॲडजस्ट करायला नाही.

गेज म्हणजे स्प्रिंगची साधी दांडी. तिच्यावरची रबरी रिंग शून्यावर सरकवायची, वरची खाच बेल्टच्या खालच्या पदराला मधोमध टेकवायची आणि रिंग 10 च्या खुणेवर येईपर्यंत वर दाबायचं, मग बेल्ट किती उचलला ते मोजायचं. काही बाईकना बेल्टच्या कव्हरमध्येच खुणांची छोटी खिडकी असते, तिथे काम सोपं, नसेल तर एका हाताने दाबत दुसऱ्या हाताने पट्टी धरायची, मान वाकडी होते, पण आकडा भरवशाचा मिळतो.

ॲपमध्ये बेल्टला टिचकी मारायची, माईक आवाज ऐकून हर्ट्झ, म्हणजे बेल्ट सेकंदाला किती वेळा थरथरतो, ते सांगतो. मस्त वाटतं, आणि मॅन्युअलमध्येच हर्ट्झ दिले असतील (काही इलेक्ट्रिक बाईकना देतात) तर डोळे झाकून हेच वापरा, फक्त आजूबाजूला शांत हवं. मॅन्युअलमध्ये बेल्ट किती हलावा याचे मिलिमीटर असतील तर मात्र नेटवरून कुठलातरी हर्ट्झचा आकडा उचलू नका, कारण ताण हर्ट्झच्या वर्गाच्या हिशोबाने वाढतो, आकडा 10 टक्क्यांनी चुकला तर ताण 21 टक्क्यांनी चुकला.

त्यामुळे माझं मत सरळ आहे, मॅन्युअल ज्या भाषेत बोलतं तेच साधन घ्या. मिलिमीटरवाल्यांनी गेज.

साधन कुठलंही असो, बेल्ट थंड असताना, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, चाक फिरवत तीन-चार ठिकाणी मोजा आणि सगळ्यात घट्ट जागेवर ॲडजस्ट करा, नाहीतर सैल जागी बरोबर केलेला ताण घट्ट जागी जास्त होतो आणि गिअरबॉक्सच्या, चाकाच्या बेअरिंगला मार बसतो. उलट फार सैल ठेवला तर जोरात ॲक्सिलरेटर दिल्यावर बेल्ट दात सोडून उडी मारतो. दोन्ही बाजूचे ॲडजस्टर सारखेच फिरवा, आणि ॲक्सलचा नट टॉर्क रेंचने आवळल्यावर परत एकदा मोजा, आवळताना चाक हमखास किंचित सरकतं.